वारं कुठून?

मामांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जेवलास का हेही विचारलं नाही. डोक्यावर ट्रंक, खिशात नेमणुकीचं पत्र, घामानं चिंब झालेला मी वॉटर वर्क्सची टेकडी चढून आलो, तर खाकी कोट घातलेला एक उंच, वाळका माणूस फाटकात आडवा उभा. म्हणाला, "वारं कुठून हाय?"

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालेला असावा. मी पत्र पुढं केलं, ते त्यांनी हातातसुद्धा घेतलं नाही. पुन्हा तेच विचारलं. मला काय माहीत, असं मी वैतागून म्हणालो, तेव्हा त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं आणि उंच टाकीकडं बोट केलं. टाकीच्या माथ्यावर एका बांबूला लाल लुगड्याचा लांब पट्टा बांधलेला होता आणि तो पूर्वेकडं फडफडत होता. "पश्चिमेकडून," मी म्हणालो. मग ते बाजूला झाले आणि मला आत घेतलं.

गावाचं नाव सांगत नाही. तालुक्याचं गाव, जालन्याहून एस.टी.नं दीड-दोन तासांवर. जालना तेव्हा जिल्हा व्हायचा होता, कागदोपत्री आम्ही औरंगाबादचेच. मोठ्या दुष्काळानंतर गावाला नवी पाणीयोजना मिळाली होती: टेकडीवर पाणी गाळायचं केंद्र, उंच टाकी, आणि एका बाजूला क्लोरीनच्या सिलिंडरांची छोटी खोली. हा वायू थोडासा पाण्यात सोडला की सगळ्या गावाचं पाणी शुद्ध होतं. पण सिलिंडर फुटला तर तोच वायू पिवळट धुरासारखा जमिनीलगत सरपटत जातो आणि ज्याच्या छातीत शिरेल त्याला जगू देत नाही. टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी ऐंशीएक घरांची वस्ती होती. बरीचशी बौद्धांची, काही मजुरीला आलेल्या शेतकऱ्यांची. आमच्या खोलीपासून वस्तीतलं पहिलं घर हाकेच्या अंतरावर होतं.

मी तिथं केमिस्ट म्हणून लागलो. बी.एस्सी., सेकंड क्लास. वडील जाफराबादकडं प्राथमिक शिक्षक, घरातली पहिली साहेबी नोकरी माझी. मामा, म्हणजे सगळ्या गावाचेच मामा, सातवी पास. हुद्दा मात्र 'सुरक्षा प्रमुख'. दुष्काळात टाकीवर माणसांची झुंबड उडायची, डोकी फुटायची, तेव्हा बंदोबस्ताला एक धीराचा माणूस हवा म्हणून त्यांना कापसाच्या जिनिंगमधून आणलं होतं. तिथं ते आगीच्या बंबावर होते. पुढं दुष्काळ संपला, पण मामांना परत पाठवायचा हुकूम काढायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मग मामांनी त्या हुद्द्यात एकेक करत सगळंच कोंबलं. टाकी, पंप, क्लोरीन, वस्ती, वारा. नगरपालिकेतले लोक त्यांना वारंवाले म्हणायचे, तेही तोंडावर.

खरं सांगतो, पहिले सहा महिने मला हा माणूस बिलकुल आवडला नाही. किती म्हणून छळावं माणसानं? सुरक्षा प्रमुख असून कुलपाचे वैरी. क्लोरीनच्या खोलीला मागून एक दार होतं, त्याची कडीसुद्धा त्यांनी उपटून टाकली होती. नगराध्यक्षांनी विचारलं तर म्हणाले, चोर आला तर आपण त्याला पकडू, पण पळणाऱ्याला दार उघडं पाहिजे. लग्नाला गेले की आधी मांडवातून बाहेर पडायच्या वाटा किती हे बघणार, दारातल्या चपलांचा ढीग स्वतःच्या हातानं बाजूला लावणार, आणि मग पंगतीत अगदी कडेला बसणार. एकदा नवरदेवाच्या काकानं त्यांना चपला चोरताना पकडलं म्हणून केवढा गोंधळ झाला होता. मामा शांत. हात धुतले आणि जेवायला बसले.

मला आणि ऑपरेटर किसनला ते डोळ्यांवर पंचा बांधून क्लोरीनच्या खोलीतून फाटकापर्यंत चालायला लावायचे. बेचाळीस पावलं. किसन वाटूरचा, शेतकऱ्याचा पोर, तो मुकाट्यानं चालायचा. मी विज्ञानाचा पदवीधर, मी काय आंधळी कोशिंबीर खेळायला आलोय? म्हणून मी एकदा पावलं न मोजता चाललो आणि सरळ चुन्याच्या हौदात कमरेपर्यंत गेलो.

हा हौद त्यांनीच खोदून घेतला होता. खोलीच्या उताराला, कायम चुन्याच्या पाण्यानं भरलेला; मागच्या दारापासून तिथपर्यंत रूळ टाकलेले. सिलिंडर गळायला लागला की ढकलायचा हौदात, चुना वायू पिऊन टाकतो. हे माझ्या पुस्तकातही होतं, पण पुस्तकातलं कुणी खरोखर करून ठेवतं हे मला नवीन होतं. तपासणीला आलेल्या एका बाबूंनी लेखी विचारलं होतं की, एवढा चुना लागतो तर आपले कर्मचारी पान किती खातात. मामांनी तो कागद फ्रेम करून भिंतीला लावला होता.

वाऱ्याचा त्यांचा नियम एकच. वाऱ्याच्या तोंडाला चालायचं. वस्तीतून दोन वाटा निघायच्या, पश्चिमेला शाळेच्या मैदानाकडं आणि पूर्वेला बाजाराच्या पटांगणाकडं. वारं पश्चिमेचं असेल तर वायू पूर्वेला जाणार, म्हणून माणसांनी शाळेकडं जायचं. वारं पूर्वेचं असेल तर बाजाराकडं. घाबरलेला माणूस नेमका वाऱ्याबरोबर पळतो आणि वायू त्याच्याबरोबर पळतो, असं ते सांगायचे. लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. एकेक टोला म्हणजे शाळा, दोन-दोन टोले म्हणजे बाजार. टोले द्यायचं काम माझं. महिन्यातून दोनदा, बाया धुण्याला बसल्या की मामा मला खूण करायचे आणि वस्तीला तालीम द्यायचे. बाया पिळे तसेच टाकून, मामांच्या नावानं बोटं मोडत शाळेकडं निघायच्या.

त्यांच्या पुढं असायच्या चंद्रभागाबाई. साठीच्या, बारीक, जिभेला धार. मामा वस्तीत शिरले आणि नेहमीचा प्रश्न टाकला की म्हणायच्या, "तुमच्याच तोंडातून निघून राह्यलंय, मामा. दुसरीकडून कुठून येणार?" सगळ्या बाया हसायच्या. मामाही हसायचे. पण उत्तर घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. मामींना तर त्यांनी पुरतं सळो की पळो केलं होतं. दर दोन महिन्यांनी एक लाल लुगडं टाकीवर चढायचं. मामी यायच्या-जायच्यांना सांगायच्या की, लोकांच्या बायकांची लुगडी दोरीवर वाळतात, माझी आभाळात.

आता माझं पाप सांगतो.

वाऱ्याचं एक रजिस्टर होतं. दिवसातून तीन वेळा बाहेर जाऊन लुगडं बघायचं आणि दिशा लिहायची. पावसाळा लागला, तशी पश्चिम, पश्चिम, पश्चिम. सकाळी पश्चिम, दुपारी पश्चिम. आषाढात मला वाटलं, यात बघायचं काय? मी सोमवारी खुर्चीत बसून आख्ख्या आठवड्याचं वारं एका बैठकीत लिहून मोकळा व्हायला लागलो. वेगवेगळ्या पेनांनी लिहायचो, मधूनच एखादी खाडाखोड करायचो. आपण फार हुशार आहोत असं तेव्हा मला वाटत होतं.

त्या श्रावणात मामांनी नवीनच खूळ काढलं. तालमीत त्यांनी मला मुद्दाम चुकीचे टोले द्यायला लावले. वारं पश्चिमेचं असताना दोन-दोन. वस्ती बाजाराकडं निघाली, तर मामा वाटेत उभे. सगळ्यांना परत फिरवलं, टाकीवरचं लुगडं दाखवलं आणि सांगितलं, घंटा कानानं ऐकायची, पण डोळे लुगड्यावर पाहिजेत. पुढच्या तालमीत बरोबर घंटा, त्याच्या पुढच्या तालमीत पुन्हा चुकीची. बाया भयंकर चिडल्या. चंद्रभागाबाई म्हणाल्या, या माणसाला उद्योग न्हाई. मीही चिडलो. घंटेवरचा लोकांचा विश्वासच उडाला तर घंटा हवीच कशाला, असं मी त्यांना स्पष्ट विचारलं. त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले की, असू दे, तू टोले दे.

घटस्थापनेचा दिवस होता. शाळेला सुट्टी. सकाळी दहाच्या सुमारास किसन सिलिंडर बदलत होता. मी ऑफिसात. एकदम क्लोरीनच्या खोलीतून किसनचा ओरडा आणि मागोमाग तो वास आला. तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगावं लागत नाही. सिलिंडरच्या तोंडाशी पितळी चावी तडकली होती. मामा कुठून आले कळलं नाही, खांद्यावरचा पंचा बादलीत बुडवून तोंडाला बांधत आत शिरताना दिसले. जाता जाता मला एवढंच म्हणाले, "टोले."

मी लिंबाकडं धावलो. हातोडी उचलली आणि एकेक टोला द्यायला सुरुवात केली. ठण्. ठण्. ठण्. शाळा. पश्चिम. का? तर सोमवारी मी शनिवारपर्यंत पश्चिम लिहून ठेवली होती म्हणून. हात आपोआप चालला. मी वर पाहिलंच नाही.

पन्नासेक टोल्यांनंतर धुराचा पिवळा पट्टा खोलीच्या दारातून बाहेर येताना दिसला आणि तो शाळेकडं वळला. पश्चिमेकडं. तेव्हा मी वर पाहिलं. लुगडं पश्चिमेला ताठ उभं होतं. वारं फिरलं होतं. नवरात्रात ते फिरतंच, आमच्याकडं शेण्या थापणाऱ्या बाईलाही ते ठाऊक असतं. मी ऐंशी घरांना वायूच्या तोंडात पाठवलं होतं. दोन-दोन टोले द्यावेत हे मला सुचेना. हातोडी तिथंच टाकून मी टेकडीच्या कडेपर्यंत धावलो.

वस्ती रिकामी झाली होती. शाळेच्या वाटेवर कुणी नव्हतं. सगळी माणसं बाजाराच्या वाटेनं, पूर्वेकडं, वाऱ्याच्या तोंडाला चालली होती. कडेवर पोरं, तोंडाला ओले पदर, कुणाच्या हातात शेळीची दोरी. पळत कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या मागं चंद्रभागाबाई होत्या, रेंगाळणाऱ्यांना हाकलत. मला कडेला उभा बघून त्या खालून ओरडल्या, "मामाला सांग, आज पुन्हा खोटी घंटा दिली म्हणून! आम्ही काय येड्या हाव का?"

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. लाज वाटण्याचं काही कारण नाही, रडलो.

तोवर मामा आणि किसननं सिलिंडर रुळांवरून ढकलत मागच्या दारातून हौदात घातला होता. कडी नसलेल्या दारातून. चुन्याचं पाणी उकळल्यासारखं खदखदत होतं. किसनला आठ दिवस जालन्याच्या दवाखान्यात ठेवलं, खोकला पुढं महिनाभर राहिला. वस्तीतल्या कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या वाटेवर गेलो. वाटेच्या दोन्ही अंगांची बाभळी आणि तरवड पांढरट-तपकिरी पडली होती, पानं हात लावताच गळत होती. जवळपास शाळेच्या कुंपणापर्यंत. मी तसाच चालत राहिलो. कुंपणाशी मामा उभे होते, आवाज बसलेला, डोळे लाल.

"काल वारं कुठून होतं, बीएस्सी?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेकडून."

"आन् रजिस्टरात?"

मी गळलेली पानं पायानं सारत राहिलो. तेच म्हणाले, शनिवारपर्यंत पश्चिम हाय, म्या पाह्यलंय. मी आधीच भरून ठेवतो हे पहिल्यांदा कधी पाहिलंत, मी विचारलं. राखीपुनवेच्या आधी, ते म्हणाले. म्हणजे दोन महिने झाले होते. मला विलक्षण राग आला. दोन महिने माहीत असून गप्प बसलात? चार शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर कालची वेळ आली नसती, असं मी त्यांच्यावरच ओरडलो. उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

मामांनी बाभळीचं एक पान खुडलं. "तुला रागावलो असतो तर तू बराबर भरलं असतंस," ते म्हणाले. "म्या टेकडीवर हाय तोवर. मंग पुन्हा खुर्चीत बसला असतास. तू नसतास तर दुसरा बसला असता. म्हणून म्हटलं, तू चुकणार हे धरूनच चालू. बायांना लुगडं बघायला शिकवू."

पान चुरगळून त्यांनी टाकून दिलं. मग ते म्हणाले, "माझं बी धरलेलं हाय. म्या बी चुकणार. जिनिंगला आग लागली तवा मागल्या दाराची किल्ली माझ्या खिशात होती. म्या चहाला गेल्तो. चार बाया त्या बंद दारापाशीच जळून मेल्या."

एवढं बोलून ते निघून गेले. त्यानंतर त्यांनी हा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. क्लोरीनच्या खोलीच्या मागच्या दाराची कडी त्यांनी का उपटली हे मला त्या दिवशी कळलं, आणि ज्या माणसाला मी सहा महिने येडा समजत होतो त्याच्यापुढं मान वर करायची माझी हिंमत होईना.

तिसऱ्या दिवशी जिल्ह्याहून इंजिनिअर साहेब चौकशीला आले. हौद पाहिला, दार पाहिलं, वस्तीत फिरून आले आणि खूश झाले. केमिस्टनं तत्परतेनं घंटा दिली आणि एकही माणूस दगावला नाही, असं त्यांनी आपल्या वहीत माझ्यादेखत लिहिलं. माझी शिफारस करतो म्हणाले. रजिस्टर टेबलावर मिटलेलंच होतं. त्यांना फक्त शेवटच्या पानावर माझी सही हवी होती. मामा भिंतीला टेकून उभे होते, त्या फ्रेमशेजारी. त्यांनी मला खुणावलं नाही, डोळे वटारले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत राहिले.

माझ्या डोळ्यांपुढं वडील आले. नेमणुकीचं पत्र त्यांनी शाळेत सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं होतं. सही करून टाकावी आणि पुढं कायम नीट वागावं, असं मनात येऊन गेलं. पण ती बाभळीची वाट डोळ्यांपुढून हलेना. मी रजिस्टर उघडलं, शनिवारपर्यंत भरलेलं पान साहेबांसमोर ठेवलं आणि म्हणालो, आज गुरुवार आहे साहेब. घंटा मी चुकीची दिली होती.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माझी एक वेतनवाढ रोखली, सहा महिने नोकरी टांगणीला राहिली, ते सगळं रीतसर झालं. पण त्या वेळी साहेबांनी आधी मामांनाच धारेवर धरलं. प्रमुख म्हणून हे तुम्हाला माहीत होतं का? मामा म्हणाले, होतं. मग कळवलं का नाही? मामांनी उत्तर द्यायच्या ऐवजी रजिस्टर उचललं आणि म्हणाले, "साहेब, हे टेकडीवर ठेवू नका. वारं ज्यांच्या छातीत जातं त्यांच्याकडं द्या."

आणि तसंच झालं. रजिस्टर चंद्रभागाबाईंच्या घरी गेलं, फळीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली. माझी शिक्षा ही की मी दिवसातून तीन वेळा टेकडी उतरून त्यांच्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं, आजी, वारं कुठून? त्या भाकरी थापत असल्या तरी हात झटकून अंगणात यायच्या, मान वर करायच्या, आणि मग मी लिहायचो. खाली त्यांचा अंगठा. पुष्कळदा पिठाचाच अंगठा उठायचा. पहिले पंधरा दिवस मला ते फार अपमानास्पद वाटलं. मग चहा मिळायला लागला. पुढं रजिस्टर वाचून दाखवता यावं म्हणून त्यांनी माझ्याकडून अक्षरं शिकून घेतली, आणि अंगठ्याच्या जागी वाकडीतिकडी सही आली. पहिली सही केली त्या दिवशी त्यांनी सगळ्या वस्तीला गूळ वाटला.

तीनेक वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या मोठ्या वर्गात होता. अध्यक्ष आले, किसन आला, वस्ती झाडून सगळी आली. दारातल्या चपला कुणीतरी आधीच बाजूला लावून ठेवल्या होत्या. मामींना नवं लाल लुगडं दिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, हे तरी अंगावर राहू द्या. मी भाषण लिहून नेलं होतं. दोन पानं झाली तरी मी थांबेना, कारण मला त्यांच्याविषयी जे वाटत होतं ते त्या कागदावर कुठंच येत नव्हतं. मामा व्यासपीठावर चुळबुळ करत होते. शेवटी त्यांनी मला मध्येच तोडलं आणि सगळ्या सभेला विचारलं, "वारं कुठून हाय?"

चंद्रभागाबाईसुद्धा या वेळी काही बोलल्या नाहीत. आख्खा वर्ग, अध्यक्षांसकट, आधी टाकी दिसणाऱ्या खिडकीकडं वळला. मीही भाषणाचा कागद खाली ठेवला आणि बाहेर पाहिलं.